चितारलेले चक्र आणि घडणारे चक्र : समकालीन दृक्कलेतील जीवनचक्राची दोन रूपे

निसर्गातील जीवनचक्र हा विषय समकालीन भारतीय चित्र-शिल्पकलेत इतक्या वेळा येतो की त्याविषयी लिहिताना समीक्षकाची भाषा आपोआप सैल होते. बीज, अंकुर, वृक्ष, फळ आणि पुन्हा बीज असा क्रम दिसला की ‘निसर्गचक्राचे प्रतीक’ एवढे म्हणून आपण पुढे सरकतो. प्रस्तुत लेखकानेही वर्गात हा शब्दप्रयोग अनेक वर्षे निःशंकपणे वापरला आहे. त्या वापरात एक महत्त्वाचा भेद झाकला जातो, तो येथे मांडावयाचा आहे. काही कलाकृतींमध्ये जीवनचक्र चितारलेले असते. काही कलाकृतींमध्ये ते प्रत्यक्ष घडते. ‘प्रतीक’ हा एकच शब्द या दोहोंना लावला, तर दुसऱ्या प्रकारच्या कलाकृतींचे नेमके जे वैशिष्ट्य आहे तेच हातातून निसटते.

हा भेद प्रथम जाणवला तो ग्रंथालयात नव्हे. अभ्यागत म्हणून बेंगळुरूमधील यशवंतपुरात काही काळ मुक्काम होता. बाजार आवाराच्या पलीकडील जुन्या वस्तीत सकाळी फिरावयास निघाले की दारोदार ठिपक्यांच्या रांगोळ्या पडत असलेल्या दिसत. बहुतेक घरी दगडाची भुकटी वापरीत. पण एका दारातील वृद्ध बाई तांदळाच्या पिठानेच रांगोळी काढीत आणि तासाभरात मुंग्या ती उचलून नेऊ लागत. रांगोळीत वेल होती, कमळ होते, म्हणजे चितारलेला निसर्ग होताच. परंतु मुंग्या जे नेत होत्या ते कमळ नव्हे, धान्य. आकृती एक गोष्ट सांगत होती आणि पीठ दुसरीच गोष्ट करीत होते. दुपारपर्यंत आकृती विरे, दुसऱ्या दिवशी सडा पडे आणि उंबऱ्यापुढची जागा पुन्हा कोरी होई. ती विरली नसती तर बाईंना उद्याचे काम उरले नसते, ही बाब साधी आहे. पण संग्रहालयाच्या कल्पनेला छेद देणारीही आहे.

या भेदासाठी नवी परिभाषा घडविण्याची आवश्यकता नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या दुसऱ्या उल्लासात लक्षणेचे विवेचन करताना गौणी आणि शुद्धा असे दोन प्रकार वेगळे काढले आहेत. गौणी लक्षणेचा आधार सादृश्य हा असतो. शुद्धा लक्षणेचा आधार सादृश्याहून भिन्न असा संबंध असतो : सामीप्य, कार्यकारणभाव इत्यादी. ‘तूप म्हणजे आयुष्य’ हे तिचे परंपरागत उदाहरण. तूप आयुष्यासारखे दिसत नाही. तुपाने आयुष्य वाढते म्हणून तुपालाच आयुष्य म्हटले जाते. रोमान याकोबसनने १९५६ साली रूपक आणि अजहल्लक्षणेसारखा सान्निध्यमूलक व्यापार यांना भाषेचे दोन ध्रुव मानले, तेव्हा त्याच्या मांडणीचा पाया वेगळा, भाषावैज्ञानिक होता. तरी तुलनाकाराला या दोन विचारांतील जवळीक दिसल्याखेरीज राहत नाही. दृक्कलेच्या संदर्भात असे म्हणता येईल की चितारलेले बीज जीवनाशी गौणी संबंधाने जोडलेले असते, तर भिंतीवर लावलेले तांदळाचे पीठ शुद्धा संबंधाने.

गौणी प्रकाराची समर्थ उदाहरणे आपल्याकडे विपुल आहेत. सैयद हैदर रझा (१९२२–२०१६) यांनी १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले. १९५० साली ते पॅरिसला गेले. पुढे त्यांच्या चित्रांत स्थिरावलेला काळा बिंदू हा बीजही आहे, आणि ‘बीज’, ‘अंकुरण’ यांसारखी शीर्षके ते स्पष्टच करतात. तेथे जमिनीचे स्तर त्रिकोणांत आणि आडव्या पट्ट्यांत येतात, पंचमहाभूते रंगांच्या रूपाने येतात; परंतु हे बीज कधी रुजत नाही आणि कुजतही नाही. भूमितीने त्याला मृत्यूपासून मुक्त केले आहे. एका गोष्टीचा उल्लेख मात्र करावासा वाटतो. बालपणी मन एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकांनी शाळेच्या भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहत बसविल्याची आठवण रझा सांगत असत. हा बिंदूही मुळात भिंतीवरचा, पुसला जाणाराच होता.

बेंगळुरूचे एस. जी. वासुदेव (जन्म १९४१) यांच्या ‘वृक्ष’ मालिकेत कल्पवृक्षाची कल्पना रंगांबरोबर तांब्याच्या उठावातही साकारली आहे. फांद्यांमधून पक्षी, प्राणी आणि मानवी आकृती एकमेकांत मिसळत जातात. एका जिवातून दुसरा जीव फुटतो. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उदाहरण याहून अवघड आहे. रायगड जिल्ह्यातील नागावात जन्मलेल्या या चित्रकाराच्या चित्रांत पान, फळ, शिंपला, घड्याळ अशा वस्तू मोकळ्या अवकाशात परस्परांपासून सुट्या असतात. पान आहे, पण फांदी नाही. घड्याळ आहे, पण ते कोणाची वेळ दाखवते ते कळत नाही. जीवनचक्राचे सर्व दुवे समोर ठेवून त्यांना जोडणारी साखळीच बरवे काढून घेतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोरा कॅनव्हास’ या त्यांच्या पुस्तकाचे शीर्षकही या दृष्टीने बोलके आहे. बरव्यांना गौणी संबंधाची मर्यादा ठाऊक होती, असे माझे मत आहे. सादृश्याने जोडलेल्या गोष्टी सादृश्य सैल होताच सुट्या होतात, आणि बरवे त्या सुटेपणाचेच चित्र काढतात.

येथे कवितेकडे वळणे विषयांतर ठरू नये. द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) यांची घरची भाषा मराठी आणि काव्याची भाषा मुख्यत्वे कन्नड. त्यांची ‘युगादी’ ही कविता कर्नाटकात घरोघरी ज्ञात आहे. १९६३ सालच्या ‘कुलवधू’ चित्रपटातून ती गीतरूपानेही पोहोचली. वर्षारंभीच्या या कवितेत वसंताचे आगमन आहे, परंतु तिचा गाभा एका तक्रारीत आहे. झाडांना प्रतिवर्षी नवा जन्म मिळतो. माणसाला मात्र एकच बालपण आणि एकच तारुण्य का, असा तो प्रश्न आहे. निसर्गचक्राविषयीच्या बहुतेक चित्रांना हा प्रश्न पडत नाही. ती चक्राकडे समष्टीच्या बाजूने पाहतात : वृक्ष राहतो, पान गळते. बेंद्रे गळणाऱ्या पानाच्या बाजूने विचारतात. जीवनचक्राच्या कलाविषयक चर्चेत सांत्वनाचा जो एक सुलभ स्वर असतो, त्याची परीक्षा या प्रश्नापाशी होते. ज्या कलाकृतींत चक्र घडते त्यांना तर हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण तेथे काहीतरी प्रत्यक्ष नष्ट होते.

डहाणू-तलासरी परिसरातील वारली समाजाचा लग्नचौक हे घडणाऱ्या चक्राचे आपल्याजवळचे सर्वांत संपन्न उदाहरण होय. कारवीच्या कुडाची भिंत माती व शेणाने लिंपलेली असते, वर गेरूचा हात असतो. तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी सवाशिणी चौक काढतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. पानाफांद्यांनी भरलेला घट असा या नावाचा अर्थ लावला जातो. धवलेरी लग्नाची गीते म्हणते. पालघट ही वनस्पतीची, सुफलतेची देवता असल्याने ती चौकात आल्याखेरीज लग्न लागत नाही. चौकाभोवतीची झाडे, पक्षी, वाद्ये, माणसे हे सारे गौणी पातळीवरील चित्रण आहेच. ते कोणी नाकारीत नाही. परंतु पदार्थाकडे पाहिले तर निराळाच क्रम उलगडतो.

या पट्ट्यातील भातशेती राबावर चालत आली आहे. उन्हाळ्यात रोपासाठी निवडलेल्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत यांचे थर पसरून ते भाजतात; त्या राखेत पाऊस पडल्यावर भाताचे रोप वाढते आणि मग लावणी होते. म्हणजे शेण राबात जाते, राबातून भात येते, भाताचे तांदूळ होतात, तांदळाचे पीठ होते आणि ते पीठ पुन्हा शेणाने सारवलेल्या भिंतीवर येते. भिंतीचे दोन्ही थर, तांबूस-करडी पार्श्वभूमी आणि पांढरी रेषा, एकाच शेताच्या दोन अवस्था आहेत. वारली स्त्रीने हा विचार करून साहित्य निवडले असे मला सुचवावयाचे नाही. तिने घरात होते ते घेतले. पण घरात जे होते ते त्या चक्रातूनच आलेले होते. येथे धान्य जीवनाचे प्रतीक नाही. तुपाला आयुष्य म्हणावे तसा हा संबंध आहे. शिवाय चौक हा टिकण्यासाठी काढलेला नसतो. धुराने तो काळवंडतो, पीठ झडते, पुढच्या सारवणाखाली उरलेसुरले जाते. देवी येते ती त्या लग्नासाठी, त्या वधूवरांसाठी. पुढील लग्नात पुन्हा तिला आणावे लागते.

१९७०च्या दशकाच्या आरंभी विणकर सेवा केंद्राशी संबंधित भास्कर कुलकर्णी या भागात आले. तत्पूर्वी बिहारमधील दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना भित्तिचित्रे कागदावर उतरविण्यासाठी प्रवृत्त करण्याचे काम त्यांनी केले होते. वारल्यांकडेही कागद आला. गंजाडजवळच्या पाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी तो हाती घेतला आणि १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे प्रदर्शित झाली. पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे : राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, जगभर प्रदर्शने. म्हशांच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मासे पकडण्याच्या जाळ्याची त्यांची चित्रे पाहावीत : हजारो बारीक रेषांचे जाळे पृष्ठभागावर पसरते आणि त्याच्या कडेला माणूस जेमतेम दिसतो. आई लहानपणीच गेल्यानंतर काही काळ त्यांनी बोलणे सोडले होते आणि ते धुळीत आकृत्या काढून संवाद साधीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. चक्रात माणसाचे स्थान किती लहान असते हे त्यांनी कोणत्याही सिद्धान्ताशिवाय दाखविले.

परंतु भिंतीवरून कागदावर येताना तीन गोष्टी बदलल्या, आणि त्यांची नोंद आपल्या समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही. पहिली, सवाशिणींच्या सामूहिक कृतीला एका पुरुषाची स्वाक्षरी लाभली. दुसरी, लग्नाशी असलेला अनुबंध सुटला आणि चित्र कोणत्याही दिवशी काढता येऊ लागले. तिसरी सर्वांत कमी बोलली जाते : चित्राचे मरणे थांबले. कॅनव्हासवरील म्हशांच्या अनेक चित्रांच्या वर्णनात ‘शेण आणि ॲक्रिलिक’ असे माध्यम दिलेले आढळते. शेण राहिले, पण तांदळाचे पीठ गेले. त्याच्या जागी न झडणारा पांढरा रंग आला. हे पाहून हळहळणे सोपे आहे. कागदामुळे म्हशांना आणि त्यांच्यामागून आलेल्या कित्येक कुटुंबांना उत्पन्न मिळाले, मान मिळाला. त्यांनी चित्रे झडू द्यावीत अशी अपेक्षा शहरातील पगारदार प्राध्यापकाने करणे हास्यास्पद ठरेल. मुद्दा दोषारोपाचा नाही. शुद्धा संबंधाची कलाकृती गौणी संबंधाची झाली, हे नीट नोंदवले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. लग्नचौकात जे घडत होते, ते आता त्याच आकृत्यांनी सांगितले जाऊ लागले.

या बदलाचे विलक्षण दर्शन युरोपात घडले. १९८९ साली पॅरिसमध्ये ‘मॅजिसिएँ द ला तेर’ हे गाजलेले आणि तितकेच वादग्रस्त प्रदर्शन भरले. त्यात म्हसेही होते आणि ब्रिटिश शिल्पकार रिचर्ड लाँगही. लाँग (जन्म १९४५) हे चालण्यालाच शिल्प मानणारे कलावंत. १९६७ साली गवतावरून पुन्हा पुन्हा चालून उमटलेली रेषा ही त्यांची आरंभीची प्रसिद्ध कृती. पॅरिसमध्ये त्यांनी भिंतीवर हातांनी चिखलाचे प्रचंड वर्तुळ काढले होते आणि त्याच्यापुढे जमिनीवर ऑस्ट्रेलियातील युएन्डुमूच्या आदिवासी कलावंतांचे मातीचे चित्र होते. लाँग यांचे वर्तुळ वर आणि उभे, आदिवासींचे चित्र खाली आणि आडवे, या मांडणीवर त्या वेळी बरीच टीका झाली. पुढे २००३ साली लाँग वारली प्रदेशात आले, तेथे त्यांनी काम केले, आणि त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फ येथे म्हसे व लाँग यांचे संयुक्त प्रदर्शन ‘संवाद’ या अर्थाच्या शीर्षकाने झाले.

या संवादाविषयी लिहिताना दोघांच्या वर्तुळांतील साम्य दाखविण्याचा मोह होतो. म्हशांच्या चित्रांत तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची सर्पिल रांग फिरते. लाँग यांच्याकडे चिखलाचे किंवा दगडांचे वर्तुळ असते. परंतु हे साम्य डोळ्यांपुरते आहे. तारप्याची रांग अनेकांची आहे, हात एकमेकांत गुंफलेले आहेत आणि ती बंद वर्तुळ नाही, तिला शेपूट आहे, कोणीही शेवटी येऊन जोडला जाऊ शकतो. लाँग यांचे वर्तुळ एकट्या पांथस्थाचे आहे. साम्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती अदलाबदल. जी परंपरा भिंतीवर काढून पुसू देत आली ती संग्रहालयात चौकटीत बसून आली. आणि संग्रहालयाच्या परंपरेत वाढलेला कलावंत तेथे भिंतीवरच चिखल लावतो, जो प्रदर्शन संपल्यावर सहसा टिकत नाही. घडणारे चक्र आता लाँग यांच्याकडे होते, चितारलेले म्हशांकडे. आपल्याकडील तौलनिक अभ्यासात ‘आदिवासी कलेचा आधुनिक कलेवरील प्रभाव’ अशा शीर्षकाखाली ही घटना घालण्याची प्रथा आहे. तिने ही अदलाबदल दिसेनाशी होते.

चिखलाच्या आणि शेणाच्या या चर्चेत बेंगळुरूच्या शीला गौडा यांच्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९५७ साली भद्रावतीत जन्मलेल्या गौडा यांनी बेंगळुरूच्या केन कलाशाळेत, शांतिनिकेतनात आणि लंडनच्या रॉयल कॉलेजमध्ये शिक्षण घेतले. आरंभी त्या चित्रकार होत्या. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात, देशातील जातीय हिंसेच्या त्या काळात, त्यांनी तैलरंग बाजूला ठेवून शेण हे माध्यम घेतले. त्यांच्याकडे शेण विटांच्या, गोवऱ्यांच्या, थापलेल्या पृष्ठभागांच्या रूपात येते. काही कृतींत त्याच्या भेगांतून कुंकवाचा लाल रंग डोकावतो. शेणाच्या पाठीशी सारवण, इंधन, खत आणि पावित्र्य या सर्व अर्थांचे ओझे आहे, आणि त्या थापण्यामागे बायकांचे न मोजलेले श्रम आहेत. याच पदार्थाला त्या वर्षांत राजकीय अर्थही चिकटत चालला होता.

गौडा यांच्या कृतींत पदार्थ स्वतः आहे. त्या अर्थाने त्यांचा संबंध शुद्धा आहे, लग्नचौकासारखाच. परंतु चौकात जे वर्तुळ पूर्ण होते, ते त्या पूर्ण होऊ देत नाहीत. वीट झालेले शेण शेतात परत जात नाही, चुलीतही जात नाही. भेगेतील कुंकू सौभाग्याचे आहे की रक्ताचे, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. बेंद्रे यांनी विचारलेला प्रश्न येथे वेगळ्या रूपात परत येतो. ज्यांचा जीव दंगलीत गेला त्यांना कोणत्याही वसंताने परत आणलेले नाही. त्यांच्यापुढे निसर्गचक्राचे सांत्वन मांडणे म्हणजे त्यांच्या मृत्यूला ऋतूचा भाग ठरविणे होय. गौडा हे करीत नाहीत, आणि म्हणून त्यांच्या शेणाच्या कृती मला निसर्गचक्राविषयीच्या बहुसंख्य हिरव्यागार चित्रांहून अधिक प्रामाणिक वाटतात. त्यांनी चक्राचाच पदार्थ घेऊन चक्रातील खंड दाखविला.

एका क्षेत्राचा निर्देश करणे आवश्यक आहे, कारण ते मराठी आणि कन्नड दोहोंचे आहे. सातारा-सांगली-कोल्हापूर भागात दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात; उत्तर कर्नाटकात त्याच दिवसांत शेणाचे पांडव करतात. बोटभर उंचीच्या या मूर्तींना फुले, तुरे खोचतात, आणि सण सरला की त्या मोडतात. घटस्थापनेत मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत पिवळसर हिरवे वाढते आणि दसऱ्याला टोपीत किंवा केसांत खोवले जाते. शाडूचा गणपती ज्याला आपण ‘पार्थिव’ म्हणतो तो पाण्यात जाऊन पुन्हा माती होतो. ही सारी शिल्पेच आहेत, पण शिल्पकलेच्या इतिहासात त्यांना प्रकरण नाही, कारण दाखविण्यासाठी वस्तू उरत नाही. त्यांचे वर्णन लोकसंस्कृतीच्या ग्रंथांत विधी म्हणून येते, तर गौडा यांचे शेण कलासमीक्षेत येते आणि म्हशांचे शेण हस्तकलेच्या यादीत. पदार्थ एकच असून कपाटे तीन आहेत. या तिन्ही कपाटांतील नोंदी एकत्र वाचणारा अभ्यास सीमेच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही भाषा येणाऱ्या कोणीतरी हाती घ्यावयास हवा. गवळणी आणि पांडव यांच्या घडणीतील फरक, त्या करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची परिभाषा, मोडताना म्हटले जाणारे शब्द, हे सर्व अजून अंगणात ऐकावयास मिळते. शहाबादी फरशा आणि सिमेंट यांनी सारवणाची अंगणे झपाट्याने कमी होत आहेत, तेव्हा हे काम फार काळ लांबणीवर टाकता येणारे नाही.